दुरुस्तीस आलेले घर : विक्रीचा मार्ग कसा निवडावा?

वडिलोपार्जित घर विकण्याचा प्रसंग आज ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांवर येतो. मुले नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेली असतात, मुली सासरी असतात आणि गावच्या घरात एकटी वृद्ध आई किंवा नुसते कुलूप उरते. दोन-चार पावसाळे डागडुजी न झाल्यामुळे छप्पर गळू लागते, भिंती ओल धरतात आणि 'आता हे घर काढून टाकावे' असा विचार कुटुंबात सुरू होतो. अशा वेळी सल्ल्यासाठी लोक बहुधा गावातील शिक्षकांकडे, पंचायतीच्या सदस्यांकडे किंवा परिचयाच्या सरकारी कर्मचाऱ्याकडे जातात. त्यांना योग्य सल्ला देता यावा, या हेतूने या विषयाची येथे क्रमवार मांडणी केली आहे.

नेहमी आढळणारे एक उदाहरण घेऊ. एका गृहस्थांचे मृत्युपत्र न करता निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. घर गृहस्थांच्या स्वकष्टार्जित पैशाचे, दगडमातीच्या भिंतींचे आणि अर्धे धाब्याचे, अर्धे पत्र्याचे आहे. मागच्या खोलीची भिंत फुगलेली आहे. थोरल्या मुलाचे म्हणणे असे की, सगळे घर नीट करून मग विकावे. धाकटा म्हणतो, आहे तसे देऊन मोकळे व्हावे. शेजारी केवळ जागेसाठी घर मागत आहे. आई मात्र त्याच घराच्या पुढच्या खोलीत राहते आणि तिला दुसरे छप्पर नाही. या कुटुंबाने काय करावे?

पहिली दुरुस्ती कागदांची

अशा घराचा विचार करताना सर्वांचे लक्ष भिंतीकडे आणि छपराकडे जाते. प्रत्यक्षात घराची किंमत सर्वांत अधिक कमी होते ती सदोष कागदपत्रांमुळे. फुगलेली भिंत पाहून खरेदीदार काही रक्कम कमी करून मागतो. परंतु वारसांची नावे लागलेली नसतील, तर जाणता खरेदीदार घर घेतच नाही. मग उरतो तो अडचणीचा फायदा घेऊन निम्म्या किमतीत घर मागणारा. म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी कागदांची डागडुजी करावी, हा या लेखाचा पहिला आणि मुख्य सल्ला आहे.

ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना ८ चा उतारा हाच घराच्या मालकीचा कागद आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो बरोबर नाही. ही नोंद कर आकारणीसाठी असते. ती कब्जाचा व वहिवाटीचा आधार म्हणून उपयोगी पडते. पण तिच्यामुळे मालकी मिळत नाही आणि ती नसल्यामुळे मालकी जातही नाही. मालकी ठरते ती मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसाहक्क अशा आधारांवरून. नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका पाहावी. ज्या गावठाणांचे मोजमाप पूर्वी झालेले नव्हते, तेथे २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावात ही पत्रिका तयार झाली असल्यास तिच्यावरील नावे, क्षेत्र आणि हद्दी ताबडतोब तपासून घ्याव्यात. विक्रीच्या दिवशी चूक ध्यानात येणे महाग पडते.

कोकणात आणि इतरत्रही पुष्कळ घरे गावठाणाबाहेर सातबाराच्या जमिनीवर उभी आहेत. अशा ठिकाणी घराबरोबर जमिनीचाही प्रश्न येतो. जमीन शेतीची असल्यास शेतकरी नसलेल्या व्यक्तीस ती विकण्यावर कूळकायद्याचे निर्बंध आहेत. शासनाच्या योजनेतून मिळालेल्या भूखंडावर किंवा घरावर हस्तांतरणाची अट असू शकते. त्यासाठी मूळ आदेश काढून वाचावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल, तर तो फेडून नोंद कमी करून घ्यावी.

वारस आणि त्यांचे हक्क

आपल्या उदाहरणातील घरावर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांचा सारखा हक्क आहे. 'मुलीचे लग्न करून दिले, तिचा काय संबंध?' हे म्हणणे कायद्यास मान्य नाही. घर वडिलार्जित एकत्र कुटुंबाचे असते, तर तेथेही मुलीला जन्मतः मुलाप्रमाणेच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायद्यात तशी सुधारणा केली. विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. बहिणीची सही न घेता केलेला व्यवहार पुढे कित्येक वर्षे न्यायालयात अडकून पडतो आणि त्यात भावांचेही हित नसते. तिला हिस्सा नको असल्यास तिने स्वखुशीने हक्कसोडपत्र करून द्यावे व ते नोंदणीकृत असावे. साध्या कागदावरील संमती पुरेशी नाही. वारसांमध्ये कोणी अज्ञान असेल आणि त्याचा स्वतंत्र हिस्सा असेल, तर तो विकण्यासाठी पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

याच कायद्याच्या कलम २२ अन्वये, पहिल्या वर्गातील एखादा वारस वारसाने आलेल्या मिळकतीतील आपला हिस्सा विकू पाहत असेल, तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. एकट्या भावाने आपला हिस्सा परक्याला विकला, तरी त्या परक्याला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात संयुक्त कब्जा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४४ सांगते. त्याने वाटपाचा दावा लावल्यास वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम ४ प्रमाणे घरातील माणसांना तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला विकत घेता येतो. यावरून दिसून येईल की, कायद्याचा कल राहते घर घरच्यांकडे राहावे याकडे आहे. म्हणून बाहेर गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी घरातील कोणाला घर हवे आहे काय, हे लेखी विचारून घ्यावे.

घराची खरी प्रकृती पाहणे

कागद मार्गी लागल्यावर घराकडे वळावे. दोष दिसतो त्या ठिकाणीच त्याचे मूळ असते असे नाही. घर कोणत्या प्रदेशातील व कोणत्या बांधणीचे आहे, त्यावर दुखणे अवलंबून असते.

मराठवाड्यातील व लगतच्या भागातील धाब्याच्या घरांत जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या असतात आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे छत असते. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढविले जातात व छताचे वजन वाढत जाते. भिंतीची आतील व बाहेरील बाजू सांधणारे आरपार दगड नसतील, तर दोन्ही बाजू सुट्या होऊन भिंतीला पोट सुटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबाद परिसरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याचे एक प्रमुख कारण अशा भिंतींची आणि जड छतांची पडझड हे होते. त्यामुळे फुगलेली भिंत हा केवळ किंमत कमी करणारा दोष नसून आत राहणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्या उदाहरणातील आईची व्यवस्था या भिंतीपासून दूर, सुरक्षित खोलीत किंवा अन्यत्र करणे हे विक्रीच्याही आधीचे काम ठरते.

कोकणातील चिऱ्याच्या व कौलारू घरांचे मुख्य शत्रू पाऊस आणि वाळवी हे आहेत. घर बंद राहिले की वर्षाची शाकारणी चुकते, एक कौल सरकते, वासा भिजतो आणि पाहता पाहता पाख खचते. विदर्भात कवेलू फेरण्याचे राहून गेले की हीच गत होते. काळ्या जमिनीवरील घरांच्या पायाखालची माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. शहरांतील चाळीस-पन्नास वर्षांच्या स्लॅबच्या घरांत पाणी मुरून आतील सळया गंजतात, फुगतात आणि खालचे काँक्रीट सुटून पडते. त्यावर नुसता गिलावा करणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

भेग जुनी व स्थिरावलेली आहे की वाढत आहे, हे पाहण्याचा सोपा उपाय असा : भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने पक्की बसवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भिंत अद्याप हलत आहे असे समजावे. लाकडाची पाहणी करताना तुळईचे भिंतीत गेलेले टोक तपासावे. मध्यभाग भक्कम दिसला तरी कुजण्यास सुरुवात तेथून होते. एकदा अनुभवी गवंड्याकडून व शक्य तर अभियंत्याकडून पाहणी करून घेऊन दोषांची यादी व अंदाजे खर्च लेखी घ्यावा. पुढील सर्व निर्णय या यादीवर अवलंबून आहेत.

विक्रीचे मार्ग आणि त्यांचा हिशेब

दुरुस्तीस आलेले घर विकण्याचे सामान्यतः पाच मार्ग आहेत : आहे त्या स्थितीत विकणे, मोजकी दुरुस्ती करून विकणे, संपूर्ण दुरुस्ती करून विकणे, घर उतरवून लाकूड व जागा वेगवेगळी विकणे, आणि घरातील वारसाला किंवा शेजाऱ्याला देणे. यांपैकी कोणता चांगला, हे मिळणाऱ्या किमतीवरून ठरत नाही. खर्च, व्याज व लागणारा काळ वजा जाता हाती काय उरते, यावरून ते ठरते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून काही काल्पनिक आकडे घेऊ. समजा, घराला आहे त्या स्थितीत ६,००,००० रुपये येतात. कागदपत्रे व दलाली यांचा खर्च प्रत्येक मार्गात १५,००० रुपये धरला, तर हाती ५,८५,००० रुपये उरतात. गळती बंद करणे, मोडकी पाख नीट करणे, पाण्याचा निचरा व साफसफाई यांवर ४५,००० रुपये खर्चून किंमत ६,९०,००० रुपये आली, तर हाती ६,३०,००० रुपये उरतात. संपूर्ण दुरुस्तीस २,६०,००० रुपये लागले, त्यावर एका वर्षाचे २६,००० रुपये व्याज झाले आणि किंमत ८,२५,००० रुपये मिळाली, तर हाती केवळ ५,२४,००० रुपये राहतात. घर उतरविण्यास ६०,००० रुपये खर्च आला, लाकडाचे १,१०,००० रुपये व मोकळ्या जागेचे ५,२०,००० रुपये मिळाले, तर ५,५५,००० रुपये उरतात. म्हणजे सर्वांत मोठी किंमत देणारा मार्ग येथे सर्वांत कमी पैसे हाती ठेवतो.

आकडे ठिकाणानुसार बदलतील. हिशेबाची पद्धत बदलणार नाही. सर्वसाधारणपणे पाणी थांबविणारी दुरुस्ती पैसे परत देते, कारण तिच्यामुळे घर पुढे बिघडत नाही आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. फरशी, रंग, नव्या खिडक्या यांवरील खर्च बहुधा परत येत नाही; खरेदीदाराला ते आपल्या सोयीने करावयाचे असते. त्याचप्रमाणे भार पेलणाऱ्या भिंतीची मोठी दुरुस्ती विक्रीसाठी म्हणून करू नये. तो खर्च अंदाजाबाहेर जातो आणि त्याचा हिशेब खरेदीदाराच्या किमतीतून वजा करून देणे अधिक सोपे असते. भिंत कोसळून रहदारीच्या रस्त्याला किंवा शेजाऱ्याला धोका असेल, तर मात्र आधार देणे किंवा ती उतरविणे टाळता येणार नाही.

घर उतरवून विकण्याचा मोह अनेकांना होतो, कारण जुन्या सागवानी खांबांना, तुळयांना व कोरीव चौकटींना चांगली मागणी असते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत असल्यास त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. दुसरी, घर पडल्यावर नव्या बांधकामास त्या वेळच्या नियमांप्रमाणेच परवानगी मिळते. अरुंद बोळातील लहान जागेवर पूर्वीइतके बांधकाम होईलच असे नाही आणि तसे झाल्यास जागेची किंमत उतरते. ही चौकशी आधी करावी. वाडा नक्षीकामाचा व चांगल्या स्थितीतील असेल, तर तो अखंड घेणारा मिळतो काय, हे पाहण्यासाठी काही महिने थांबणे श्रेयस्कर होय.

घरात भाडेकरू असल्यास विक्रीने त्याचे हक्क संपत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या ठिकाणी नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, इतकेच. ही वस्तुस्थिती गिऱ्हाइकाला प्रारंभीच सांगावी.

दोष सांगणे हेच हिताचे

घराचे दोष झाकले तर किंमत जास्त येईल, असे पुष्कळांना वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही कळू न शकणारा मिळकतीतील किंवा मालकीतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. तसे न करणे ही फसवणूक मानली जाते. वाळवीने पोखरलेल्या तुळईला रंग लावून किंवा फुगलेल्या भिंतीपुढे कपाट ठेवून केलेला व्यवहार पुढे अंगावर येऊ शकतो. याउलट, दोषांची यादी खर्चाच्या अंदाजासह गिऱ्हाइकासमोर ठेवली, तर घासाघीस त्या यादीपुरतीच मर्यादित राहते. यादी नसली की गिऱ्हाईक एका भेगेच्या निमित्ताने सगळे घरच पडके ठरवितो. ही यादी साठेखतास जोडून तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात.

किंमत, कर आणि लेखी व्यवहार

मुद्रांक शुल्क हे ठरलेली किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्याप्रमाणे येणारे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. मोडकळीस आलेल्या घराच्या बाबतीत तक्त्याचे मूल्य प्रत्यक्ष किमतीपेक्षा जास्त येण्याचा संभव असतो. म्हणून बांधकामाचे वय दाखविणारा पुरावा द्यावा. वयानुसार घसारा मिळतो. शंका असल्यास दस्त करण्यापूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. ही बाब विक्रेत्यालाही लागू पडते. शासकीय मूल्य प्रत्यक्ष किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकरासाठी सामान्यतः तेच मूल्य विक्रीची किंमत म्हणून धरले जाते. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या मिळकतीसाठी त्या तारखेचे वाजवी मूल्य हा मूळ खर्च म्हणून धरण्याची मुभा आहे; त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा अहवाल उपयोगी पडतो. दुरुस्तीच्या व इतर खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. इसाराची रक्कमही बँकेमार्फतच घ्यावी. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. इसारपावतीने किंवा साठेखताने मालकी जात नाही. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकण्याची' जी प्रथा पडली होती, ती मालकी देणारी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्टपणे सांगितले आहे. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदणीसाठी दाखल करावा लागतो. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याखेरीज कब्जा देऊ नये. नोंदणीनंतर सूची क्रमांक २ ची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत व भूमापन कार्यालयात नावातील बदल झाल्याची खात्री दोन्ही पक्षांनी करून घ्यावी.

कुटुंबाचा निर्णय

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. चौघा वारसांनी प्रथम आपली नावे लावून घ्यावीत. आईला फुगलेल्या भिंतीपासून दूर हलवावे. छपराची गळती थांबवून मागची भिंत जशी आहे तशी, दोष सांगून, विक्रीस काढावी. घरातील कोणास घर हवे असल्यास त्याला त्रयस्थाने केलेल्या मूल्यांकनावर पहिली संधी द्यावी. शेजाऱ्याची मागणी लेखी घेऊन ती इतर मागण्यांबरोबर तोलावी. जागा लागून असल्यामुळे तिची उपयुक्तता त्याला इतरांपेक्षा अधिक आहे, हे बोलणी करताना विसरू नये. आणि आईच्या निवाऱ्याची व्यवस्था पक्की झाल्याखेरीज खरेदीखतावर सह्या करू नयेत. तिचा चौथा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावा. तो मुलाच्या खात्यात गेला की हिशेब कागदावर पुरा होतो, पण म्हातारपणाचा आधार जातो.

पंचायतीच्या सदस्यांना व शिक्षकांना या बाबतीत बरेच करता येण्यासारखे आहे. नमुना ८ चा उतारा मागावयास आलेल्या माणसाला हा मालकीचा दाखला नव्हे, हे समजावून सांगावे. वारस नोंदीचे अर्ज रखडू देऊ नयेत. बहिणीची आणि आईची सही घेताना मजकूर त्यांना वाचून दाखविला गेला आहे, याची खात्री करावी. घर जुने झाले म्हणून त्याचे मोल संपत नाही. मात्र ते मोल योग्य माणसांच्या हाती पडावे, यासाठी घाई टाळून, हिशेब मांडून आणि काहीही न लपविता व्यवहार करणे, हाच विक्रीचा उत्तम मार्ग होय.